दोन शाळा, एक रस्ता: नवीन नाशिकमधल्या पालकांचं प्रकरण

नवीन नाशिक, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातलं सिडको. सहा योजनांत वसवलेली ही वस्ती. बैठ्या घरांवर मजले चढत गेले, दारात दुचाकीच्या जोडीला चारचाकी आली, गल्ल्या मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या. या वस्तीतून अंबड औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या एका रस्त्यावर दोन शाळा समोरासमोर आहेत. एक विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाची, दुसरी महापालिकेची मराठी शाळा. मधे दुभाजक आणि दुभाजकाला एकच कट. शाळांची आणि रस्त्याची नावं मुद्दाम देत नाही, कारण यातली माणसं आणि त्यांची मुलं अजून तिथेच आहेत. हा रस्ता मुलांसाठी सुरक्षित व्हावा म्हणून एकत्र आलेल्या पालकांच्या बैठकांना मी बसत आले आहे, त्यांचे अर्ज वाचून दुरुस्त करून दिले आहेत. पालकांनी संघटित व्हावं असं सगळेच म्हणतात. पण संघटित होऊन कुठे जायचं, कोणाला काय मागायचं आणि आधी आपल्यातच काय सोडवायचं, हे कोणी सांगत नाही. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

नऊची शाळा

८ फेब्रुवारी २०२४ रोजी शालेय शिक्षण विभागाने परिपत्रक काढलं: पूर्व प्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायचे. लहान मुलांची झोप होत नाही, हे कारण होतं आणि ते खरं होतं. सातच्या शाळेसाठी साडेपाचला उठवलेलं पहिलीचं पोर डबा उघडायच्या आधी बाकावर झोपतं, हे कोणत्याही बाईंना विचारा. निर्णय चांगलाच होता आणि या गटातल्या एकाही पालकाने त्याला विरोध केला नाही.

पण जून २०२४ मध्ये शाळा सुरू झाल्या आणि रस्त्याचं गणित बदललं. आधी दोन्ही शाळांची लहान मुलं सातच्या सुमारास यायची, तेव्हा रस्ता रिकामा असायचा. आता दोन्हीकडची लहान मुलं नऊला येऊ लागली, आणि नऊ म्हणजे अंबडच्या कारखान्यांच्या जनरल शिफ्टची वेळ. कामगारांच्या दुचाकी, कंपन्यांच्या बस, कच्चा माल घेऊन आत निघालेले ट्रक, त्यात आपल्या गल्लीतून बाहेर पडणारी घंटागाडी, आणि या सगळ्यांच्या मधे दप्तरं.

कटापाशी रोज एक आजी दिसायच्या. दोन नातवंडांची मनगटं एका हातात धरायच्या, दुसरा हात वर करून ट्रकवाल्याला थांबायची खूण करायच्या. ट्रक थांबला की त्याच्या डावीकडून दुचाकी सुटायच्या, कारण ट्रक का थांबला हे मागच्याला दिसत नसे. मग आजी पुन्हा एक पाऊल मागे. मुलं तिथे ट्रकमुळे घाबरत होती, पण खरा धोका थांबलेल्या ट्रकच्या आडून येणाऱ्या दुचाकीचा होता. हे पालकांच्या लक्षात यायला बराच वेळ गेला आणि पुढच्या मागण्या त्यामुळेच बदलल्या.

एक दिवस ट्रकचा आरसा मुलांच्या रिक्षाच्या कडेला घासला. कोणाला लागलं नाही. पण रिक्षात बसलेल्या मुलांपैकी दोघांनी घरी जाऊन सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत इंग्रजी शाळेच्या पालकांचे व्हॉट्सअ‍ॅप गट पेटले.

पहिलं निवेदन

दोन दिवसांत निवेदन तयार झालं. त्यात तीन मागण्या होत्या: शाळेसमोर गतिरोधक, शाळेच्या वेळेत ट्रकबंदी, आणि भिंतीलगतच्या हातगाड्या हटवणं. सह्या भरपूर झाल्या. निवेदन आधी मुख्याध्यापकांकडे गेलं. ते म्हणाले, गेटच्या आतलं मी बघेन, बाहेरचा रस्ता माझा नाही. हे उत्तर पालकांना झोंबलं, पण चुकीचं नव्हतं.

मग नेहमीची सवय आठवली: नगरसेवकाला गाठायचं. पण महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती आणि प्रशासकांचा कारभार सुरू होता. एरवी असली कामं वॉर्डातल्या माणसाच्या एका फोनवर पुढे सरकतात. तो माणूसच नसल्यामुळे पालकांना प्रशासनाची घडण स्वतः समजून घ्यावी लागली. माझ्या मते या गटाच्या वाट्याला आलेलं हे एक भाग्यच होतं, कारण फोनवर झालेलं काम त्या माणसाच्या मर्जीवर टिकतं.

एकच निवेदन तीन कार्यालयांना दिलं गेलं. प्रत्येकाने पोच दिली आणि आपल्याशी संबंध नसलेल्या मागण्यांसाठी दुसऱ्याकडे बोट दाखवलं. कुणीतरी लोकशाही दिनाचा, म्हणजे अधिकाऱ्यांसमोर थेट तक्रार मांडायच्या दिवसाचा मार्ग सुचवला. महिन्याच्या पहिल्या सोमवारी महापालिका पातळीवर तो असतो, पण तिथे तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते आणि अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो. शेकडो सह्यांचं सामूहिक निवेदन तिथे बसत नाही. ज्या सह्यांचा पालकांना अभिमान होता, त्याच तिथे आडव्या आल्या.

काही लोकांनी रस्ता ‘ब्लॅक स्पॉट’च्या यादीत टाका अशी मागणी लावून धरली. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे औरंगाबाद रोडवर मिरची हॉटेल चौकात खासगी बस पेटून १२ प्रवासी गेले, तेव्हापासून हा शब्द नाशिककरांच्या तोंडी आहे. पण केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राष्ट्रीय महामार्गांसाठी दिलेली व्याख्या बघा: साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. म्हणजे यादीत नाव यायला आधी माणसं जायला हवीत. शाळेसमोरच्या रस्त्यासाठी ही मोजपट्टी धरून बसणं कोणत्याही आईबापाला मान्य होणार नाही आणि होऊही नये. ती मागणी गटाने सोडली हे बरं झालं.

तीन मागण्यांपैकी पूर्ण झाली ती सगळ्यात सोपी: एका सकाळी हातगाड्या उचलल्या गेल्या. तिसऱ्या दिवशी त्या परत आल्या.

पोह्यांची गाडी

त्या हातगाड्यांत एक पोहे-वड्याची गाडी होती. ती चालवणाऱ्या ताईंची दोन मुलं समोरच्या महापालिका शाळेत होती आणि त्या स्वतः त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या सदस्य होत्या. इंग्रजी शाळेच्या पालकांना हे ठाऊकच नव्हतं. रस्त्याची रुंदी ओलांडून पलीकडच्या शाळेतल्या एकाही पालकाशी तोपर्यंत कोणी बोललेलं नव्हतं.

पुढच्या बैठकीला त्या न बोलावता आल्या. उभ्या उभ्याच बोलल्या: “दादा, माझी गाडी भिंतीला चिकटून असते. तिथून माणूस चालत नाही, गटार आहे तिथे. रस्ता अडतो तुमच्या गाड्यांनी. दोन-दोन लायनी लावता गेटसमोर. माझी पोरं तुमच्या बोनेटसमोरून वाट काढत शाळेत जातात. तेवढं लिहिलंय का कागदात?”

कोणी काही बोललं नाही. मग एका वडिलांनी विचारलं, “ताई, तुमच्याकडची मुलं येतात कशी?” त्या म्हणाल्या, “कशी म्हणजे? पायी.”

या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची घटना मी हीच मानते. आपल्या शहरात शाळेच्या माध्यमावरून पालकांची जी फाळणी झाली आहे, तिच्यामुळे एकाच रस्त्याची दोन वेगळी गाऱ्हाणी तयार होतात, आणि ज्याची चारचाकी आहे त्याचं गाऱ्हाणं आधी कागदावर उतरतं.

हातगाडीचा प्रश्न कायद्यानेही वाटला तितका सोपा नव्हता. पथविक्रेता अधिनियम २०१४ प्रमाणे सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत फेरीवाल्याला हटवता येत नाही. भिंतीलगतच्या एका टपरीची गोष्ट मात्र वेगळी होती. तिथे सिगारेट आणि तंबाखूच्या पुड्या मिळायच्या. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार शैक्षणिक संस्थेच्या १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत, तंबाखूजन्य पदार्थ विकायला बंदी आहे, आणि अंतर शाळेच्या कुंपणापासून मोजायचं असतं. पहिल्या निवेदनात पोहेवाली आणि टपरीवाला एकाच ओळीत ‘अतिक्रमण’ म्हणून लिहिले होते. दुसऱ्या निवेदनात फक्त टपरी राहिली.

कोणती समिती कशासाठी

इंग्रजी शाळेत पालक-शिक्षक संघ होता. महाराष्ट्रात तो शुल्क विनियमनाच्या २०११ च्या कायद्याने सक्तीचा आहे. कार्यकारी समितीतले पालक सोडतीने निवडले जातात. पण त्याचा मुख्य रोख फीवर आहे. रस्त्याच्या प्रश्नावर त्याने ठराव केला तरी महापालिकेच्या दृष्टीने ते एका खासगी संस्थेचं पत्र.

महापालिका शाळेची गोष्ट वेगळी. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ प्रमाणे तिथे शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा तीच बनवते. म्हणजे ज्यांना आपण ‘गरीब पालक’ म्हणून बाजूला ठेवतो, त्यांच्या हाती कायद्याने बसवलेली समिती आहे, आणि शाळाही महापालिकेचीच. महापालिकेच्या शाळेची समिती महापालिकेच्याच बांधकाम विभागाला लिहिते, तेव्हा ‘हे आमच्याकडे येत नाही’ म्हणणं अवघड जातं. अडचण एवढीच की या समितीच्या बैठका रजिस्टरवर सह्या करण्यापुरत्या होत होत्या. सदस्य मातांपैकी काहींना आपण समितीवर आहोत हेच पक्कं माहीत नव्हतं.

दुसरी किल्ली अनपेक्षित ठिकाणी सापडली. राज्याच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती लागते. अध्यक्ष मुख्याध्यापक. सदस्यांत पालक-शिक्षक संघाचा प्रतिनिधी, पोलिसांचा प्रतिनिधी, मोटार वाहन निरीक्षक, शिक्षण खात्याचा अधिकारी, बस ठेकेदारांचा प्रतिनिधी आणि स्थानिक स्वराज्य संस्थेचा प्रतिनिधी. ही यादी पुन्हा वाचा. ज्या कार्यालयांत पालक एकेक करून फिरत होते, त्यांतल्या बहुतेकांना एका टेबलाभोवती बसवायची सोय नियमातच आहे. इंग्रजी शाळेत ही समिती कागदावर होती. पालकांनी मुख्याध्यापकांना एवढंच विनवलं: सर, रस्ता तुमचा नाही हे आम्हाला मान्य आहे, पण ही बैठक बोलवणं तुमच्याच हातात आहे. त्यांनी बोलावली, आणि समोरच्या शाळेच्या समितीतल्या दोन मातांना निमंत्रित म्हणून बसवलं. त्याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत.

मोजणी

बैठकीआधी मोजणी करायचं ठरलं. वहीच्या पानावर रकाने आखले: पायी मूल, सोबत मोठं माणूस आहे की नाही, दुचाकी, रिक्षा-व्हॅन, बस, खासगी कार, टेम्पो, ट्रक. साडेआठ ते सव्वानऊ या वेळात कटाच्या दोन्ही बाजूंना एकेक जोडी उभी राहायची, जोडीत प्रत्येक शाळेचा एकेक पालक. दर पाच मिनिटांनी नवी ओळ. शेवटच्या रकान्यात शेरा: कोण कुठे थांबलं, किती वेळ.

त्या शेऱ्यांनी सगळं उघड केलं. ट्रक संख्येने थोडे निघाले. रस्ता तुंबायला सुरुवात व्हायची ती गेटसमोर थांबलेल्या पहिल्या कारपासून. चालकाच्या सीटवरची आई किंवा वडील उतरायचे, मागचं दार उघडून दप्तर काढायचे, मुलाच्या गळ्यात पाण्याची बाटली अडकवायचे, केस नीट करायचे. एवढं होईपर्यंत मागे रांग लागायची आणि तिला टाळायला दुचाकी दुभाजकाकडे सरकायच्या, नेमक्या कटातून चालत येणाऱ्या मुलांच्या अंगावर. पायी येणाऱ्यांत महापालिका शाळेची मुलं जास्त होती आणि त्यांतली बरीच मोठ्या माणसाशिवाय, फक्त भावंडाचा हात धरून.

हे कागद इंग्रजी शाळेच्या पालकांच्या गटात टाकले तेव्हा वाद झाला. “आम्ही टॅक्स भरतो, मुलाला गेटपर्यंत सोडायचा हक्क आहे,” इथपासून “पावसात काय करायचं” इथपर्यंत. दुसरा प्रश्न खरा होता. पहिल्याला एका आईने तिथल्या तिथे उत्तर दिलं: दप्तर घरूनच मुलाच्या पाठीवर चढवा, अर्धं काम होईल. शेवटी ठरलं ते असं: कार गेटपासून दूर, एका मोकळ्या जागेपाशी थांबवायच्या आणि उरलेलं अंतर चालायचं, पहिली-दुसरी मागच्या छोट्या दारातून आत जाणार, तिथे शाळा वॉचमन देणार, तिसरी-चौथीची वेळ थोडी पुढे. हे सगळं कोणत्याही सरकारी सहीशिवाय होणारं होतं. कोरड्या दिवसांत ते चांगलं चाललं. जोराच्या पावसात कार पुन्हा गेटपाशीच यायच्या, आणि नाशिकचा जुलै-ऑगस्ट म्हणजे जोराचे दिवस काही कमी नसतात.

एक मागणी, एक कार्यालय

दुसऱ्या फेरीत प्रत्येक मागणीचा वेगळा कागद झाला. पट्टे, फलक आणि गतिरोधकासाठी महापालिकेच्या बांधकाम विभागाला पत्र, सोबत व्यवस्थापन समितीचा ठराव. जड वाहनांच्या वेळेसाठी वाहतूक शाखेला पत्र. टपरीसाठी पोलीस ठाण्याला. प्रत्येक पत्र एका पानाचं, मोजणीचा तक्ता मागे जोडलेला, आणि पोच घेतल्याशिवाय परत यायचं नाही. माहिती अधिकारात एकच प्रश्न विचारला: या रस्त्यावर शाळेचे फलक आणि झेब्रा पट्टे शेवटचे कधी केले आणि त्याचा आदेश कोणता. आपल्या राज्यात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट पुरतं. बंधन जाचक वाटतं खरं, पण प्रश्न नेमका करायला त्याचा उपयोग झाला. उत्तरासाठी कायद्याने ३० दिवस आहेत.

ट्रकबंदीच्या पत्रात एक हुशारी होती. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ खाली विशिष्ट रस्त्यावर, विशिष्ट वेळेत वाहनांना मनाई करता येते, आणि ती एक महिन्यापेक्षा जास्त काळासाठी नसेल तर राजपत्रात अधिसूचना काढायची गरज नसते. स्थानिक प्रसिद्धी पुरते. पालकांनी कायमची बंदी मागितलीच नाही. एक महिना प्रयोग करा, आम्ही पुन्हा मोजू, मग ठरवा, असं लिहिलं. ‘नाही’ म्हणायला जड जाईल इतकी लहान मागणी होती ती. शिवाय अंबडच्या कारखान्यांवर याच वस्तीतल्या शेकडो घरांची चूल पेटते. गटातल्या निम्म्या घरांत कोणीतरी कंपनीत आहे. मालाची गाडी अडवून आपलंच माणूस अडचणीत येईल, ही भीती बैठकीत मोकळेपणाने बोलली गेली.

स्थळपाहणीला शाखा अभियंता, वाहतूक शाखेचे हवालदार आणि दोन्ही शाळांचे पालक होते. पालकांचा आग्रह गेटच्या अगदी समोर उंच गतिरोधक करण्याचा. अभियंत्यांनी टेप काढला आणि रस्त्यावर खडूने आखून दाखवलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा, म्हणजे वाहन हळू जातं पण आदळत नाही. आपल्याकडे गल्लोगल्ली दिसणारे अरुंद उंचवटे यात बसत नाहीत. त्यांच्यावर दुचाकीवरून मागे बसलेली बाई पडते. आणि तो गेटसमोर नको, कटाच्या आधी हवा, म्हणजे वाहन मुलांपाशी पोहोचेपर्यंत वेग उतरलेला असेल. हे बोलणं चालू असतानाच त्या आजी नातवंडांना घेऊन कटापाशी आल्या. ट्रक थांबला. आडून दुचाकी सुटली. अभियंत्यांनी टेप गुंडाळला आणि म्हणाले, “ट्रकसाठी थांबण्याची रेषा पट्ट्यांपासून अजून मागे घ्यावी लागेल. नाहीतर मागच्याला पोर दिसणारच नाही.” पालकांच्या एकाही अर्जात ही मागणी नव्हती, आणि सगळ्यात उपयोगी तीच ठरली.

झालं ते, राहिलं ते

टपरी हलली. पट्टे, थांबरेषा आणि ‘शाळा’ लिहिलेले फलक लागले, गतिरोधकही कटाच्या आधी झाला. ट्रकचा महिन्याचा प्रयोग झाला. त्याचं कायम बंदीत रूपांतर झालं नाही. काही कंपन्यांनी आपल्या गाड्यांची वेळ स्वतःहून पुढे ढकलली, काहींनी नाही. पोह्यांची गाडी भिंतीलगतच, पण कटापासून लांब सरकली, आणि तो निर्णय ताईंनी स्वतः व्यवस्थापन समितीत मांडला. त्या समितीच्या बैठकीत आता रस्ता हा विषय नेहमीचा झाला आहे.

पदपथ अजून नाही. गटारावर फरशा टाकून तो होऊ शकतो, त्याचं अंदाजपत्रक ‘निधी उपलब्धतेनुसार’ या शेऱ्यावर थांबलं आहे. दुपारी शाळा सुटायच्या वेळेला तर कोणी हातच लावलेला नाही. तेव्हा पाचवीच्या पुढची मुलं सायकलींवर बाहेर पडतात आणि सकाळची सगळी शिस्त विसरली जाते. माझ्या मते सकाळपेक्षा ती वेळ आता जास्त धोक्याची आहे.

आणखी एक अडचण आहे, ती अशा प्रत्येक गटाला भेडसावते. मोजणीला उभ्या राहिलेल्या पालकांची मुलं पाचवीत गेली, त्यांची शाळा पुन्हा सातची झाली, आणि नऊच्या रस्त्याशी त्यांचा संबंध संपला. इंग्रजी शाळेचा गट त्यामुळे पातळ झाला. महापालिका शाळेची समिती मात्र टिकली, कारण तिचं असणं कोणाच्या उत्साहावर अवलंबून नाही, कायद्यावर आहे. पोचपावत्या, मोजणीचे तक्ते, माहिती अधिकाराचं उत्तर अशी सगळी फाइल म्हणूनच आता तिथल्या कपाटात असते. नव्या पहिलीच्या पालकांना पहिल्या सभेत ती दाखवायची, असा ठराव झाला आहे.

सध्या काम चालू आहे ते सिंहस्थाचं. ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये पर्वण्या आहेत आणि ते महिने शाळेच्या ऐन सत्रातले. शहरात कामं निघतील, वाहतूक वळवली जाईल, आणि वळवलेली जड वाहनं याच रस्त्याने आली तर थांबरेषा आणि पट्टे पुरणार नाहीत. म्हणून वळणमार्ग ठरायच्या आधी दोन्ही शाळांची एकत्र परिवहन बैठक व्हावी आणि वळणमार्गाच्या आदेशात शाळेच्या वेळा लिहिल्या जाव्यात, अशी दोन पत्रं तयार आहेत. एकावर व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष मातेची सही झाली आहे, दुसरं मुख्याध्यापकांच्या सहीसाठी गेलं आहे.